टाकीतला कोळसा, वाफ्यातली वांगी

धामणखेडचा शालिग्राम कुणाच्या घरी पाहुणा म्हणून गेला, की यजमान धास्तावायचा. शालिग्राम खादाड होता म्हणून नव्हे. जेवायला तो बेताचाच. भीती असायची ती पाण्याची. घरातल्या बाईनं पाण्याचा तांब्या पुढे केला, की शालिग्राम तो दोन्ही हातांत धरायचा, नाकाशी न्यायचा, डोळे मिटायचा आणि एक लांब श्वास ओढायचा. तेवढा वेळ घरातले लोकही श्वास धरून उभे. मग डोळे उघडून तो "बरं हाय" म्हणाला, तर सगळे सुटले. पण "रांजन कधी धुतला होता?" असं विचारलं, तर त्या घरात नंतर दोन दिवस नवरा-बायको एकमेकांशी बोलत नसत.

संशय हा शालिग्रामचा स्वभाव नव्हता, ते त्याचं एक जास्तीचं इंद्रिय होतं. लग्नात भटजींनी अंतरपाट धरला, तेव्हा यानं खालून वाकून पाहिलं होतं, दाखवलेली मुलगीच समोर उभी आहे का म्हणून. मुलगी तीच होती, अन्नपूर्णा, आणि तिनं वरून ते पाहिलं; त्याचे टोमणे शालिग्रामनं पुढं जन्मभर ऐकले. खामगावला जायचं तर तो एस.टी.ची पाटी वाचायचा, मग कंडक्टरला विचारायचा, मग ड्रायव्हरला, मग शेजारी बसलेल्या म्हातारीला, आणि खामगावला उतरल्यावर पानवाल्याला विचारायचा, "हे खामगावच होय ना?" डॉक्टरनं गोळी दिली तर म्हणायचा, "एक तुमी खाऊन दाखवा."

पण हाच स्वभाव त्याला नोकरी देऊन गेला. एका लग्नाच्या पंगतीत त्यानं पाण्याचा वास घेतला आणि पेला खाली ठेवला. "यात जनावर हाय," म्हणाला. वधूपिता संतापला, आचारी संतापले, वाढपी तर अंगावर धावून आले. शेवटी त्याला खोटं पाडायचं म्हणून रांजण पालथा केला, तर तळातून एक बेडूक निघाला, चांगला मुरलेला. वधूपित्यानं शालिग्रामशी संबंध तोडले, कारण तोवर सगळ्या वऱ्हाडाच्या दोन पंगती उठून गेल्या होत्या. पण पंगतीत नगरपालिकेचे अध्यक्ष होते. हात धुताना ते म्हणाले, "हा मानूस आपल्याले पाण्याच्या टाकीवर पाह्यजे." आणि मग त्यांनी चूळ भरायचं टाळलं.

तेव्हा महाराष्ट्र राज्य होऊन चार-पाच वर्षं झाली होती आणि धामणखेडला नळ आले होते. पाणी गावाबाहेरच्या तलावाचं. पावसाळ्यात ते गढूळ यायचं, पण तक्रार नव्हती; गढूळ पाणी दिसतं तरी. खरी पंचाईत उन्हाळ्यात व्हायची. तलाव आटला की शेवाळ माजायचं, आणि नळाच्या पाण्याला ओल्या बकरीसारखा वास यायचा. बुलढाण्याहून वामनराव नावाचे ओव्हरसियर आले. त्यांनी वास घेतला, नाक पुसलं आणि सांगितलं, "वाळूच्या गाळणीनं हे जाणार नाही. कोळशाची गाळणी बसवू."

कोळसा म्हणजे चुलीतला नव्हे. नारळाच्या करवंट्यांचा, खास भाजलेला, बाजरीच्या दाण्याहून थोडा मोठा. जलंबवरून खामगावला रेल्वेनं पोती आली, तिथून बैलगाड्यांनी धामणखेडला. एक सिमेंटची टाकी बांधली. तिच्या तळाशी गोटे, गोट्यांवर कोळशाचा जाड थर. वाळूतून गाळून आलेलं पाणी वरून सोडायचं. ते कोळशातून झिरपत खाली जायचं आणि वास मागे ठेवायचं. हे सगळं गावाला कळलं, तेव्हा गावानं त्याचा अर्थ आपल्या पद्धतीनं लावला.

"सरकार आता कोयसा पाजून राह्यलं!" बाया म्हणू लागल्या. कुणी नळाला पांढरं फडकं बांधून काळं येतं का पाहिलं. कुणी लेकरांचे दात रोज उजेडात तपासले. फडकं पांढरंच राहिलं, पाण्याचा वास गेला, तेव्हा लोकांना आणखीच वाईट वाटलं. एवढं चांगलं पाणी फुकट कोण देतं? एका शालिग्रामच्या जागी गावात हजारो शालिग्राम निर्माण झाले, आणि मूळ शालिग्रामला आयुष्यात पहिल्यांदा आपण माणसांत राहतो असं वाटलं. टाकीवर तो होता म्हणूनच शेवटी लोकांनी पाणी प्यायलं. "शालिग्राम पेते ना? मंग प्या," असा निकाल लागला.

टाकीचं काम सोपं होतं. आठवडाभरात कोळशात घाण अडकायची, म्हणून दर मंगळवारी तो धुवायचा. धुवायचा म्हणजे खालून वर उलटं पाणी सोडायचं; कोळसा सैल होतो, घाण वर येते, काठाच्या पन्हाळीतून सांडते आणि सिमेंटच्या नळानं उताराला निघून जाते. पाणी सोडायचं लोखंडी चाक टाकीच्या मागच्या बाजूला, खाली खड्ड्यात होतं. वामनरावांनी शालिग्रामला बजावून सांगितलं होतं, "चाक दोन फेरे फिरवायचं. जास्त नाही."

शालिग्रामनं मान हलवली होती. पण मान हलवणं आणि विश्वास ठेवणं या त्याच्या हिशेबी दोन वेगळ्या गोष्टी होत्या.

टाकीच्या उताराला मोतीराम माळ्याचं वावर होतं. वांगी, मिरच्या, मेथी आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर. बुधवारी पहाटे गाडी जुंपायची आणि बाजार गाठायचा. मोतीराम गोल, हसरा, मोकळा माणूस. त्याच्या मुलाचं, इंद्रभानचं, स्थळ शालिग्रामच्या रुख्मिणीसाठी आलं. शालिग्रामनं मुलाची चौकशी न्हाव्याकडे केली, मास्तरांकडे केली, गावातल्या दोन्ही किराणा दुकानांत केली आणि शेवटी खुद्द इंद्रभानला गाठून विचारलं, "तू कसा पोरगा हायस?" इंद्रभान गोंधळून म्हणाला, "बरा हाय." कुठेच काही वाईट निघालं नाही. याचंच शालिग्रामला वाईट वाटलं. पण मुलगी खुश होती, अन्नपूर्णाबाई खुश होत्या, आणि सोयरीक ठरली. सुगी आटोपली की साक्षगंध, म्हणजे साखरपुडा.

आणि मग वांगी यायला लागली.

दर बुधवारी मोतीराम बाजारच्या वाटेवर शालिग्रामच्या दारात गाडी थांबवायचा आणि टोपलीभर वांगी ओसरीवर ठेवायचा. काय वांगी होती ती! काळीभोर, तुकतुकीत, देठाशी काटे कसे टोचरे. भरीत केलं तर शेजारच्या घरातली माणसं भाकरी हातात घेऊन यावीत अशी. शालिग्राम होणाऱ्या व्याह्याला म्हणाला, "इवाई, हे कायले?" मोतीरामनं इकडेतिकडे पाहिलं, एक डोळा मिटला आणि आवाज खाली आणला. "ठेवा हो इवाई. बोलाचं काम नाही. तुमाले समजते, मले समजते."

शालिग्रामला काहीच समजत नव्हतं. जे समजत नाही ते दुसऱ्याला समजतं, हे त्याला सर्वांत धोक्याचं वाटायचं.

"हा मानूस डोया काऊन मिचकावते?" त्यानं बायकोला विचारलं.

"वांगे देऊन राह्यला ना? मंग मिचकावू द्या ना बाप्पा," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. "तुमी कधी कोनाले वांगं नाही दिलं, डोया नाही मिचकावला."

त्याच सुमारास एका सकाळी शालिग्रामनं टाकीचं झाकण उघडलं आणि तो पुन्हा पुन्हा आत डोकावला. वामनरावांनी टाकीच्या आतल्या भिंतीवर एक लाल रेघ मारून ठेवली होती. कोळशाचा थर त्या रेघेला टेकलेला असायचा. आता तो रेघेच्या वीतभर खाली होता.

कोळसा कमी झाला होता. टाकीला कुलूप. कुलपाची किल्ली शालिग्रामच्या करगोट्याला. म्हणजे कुणीतरी कुलूप न उघडता कोळसा नेत होतं, किंवा कुलूप उघडून नेत होतं आणि परत लावत होतं, म्हणजे दुसरी किल्ली होती. त्यानं लोहाराला धरलं. लोहारानं शंकराची शपथ घेतली. शंकराच्या शपथेवर शालिग्रामचा भरवसा नव्हता, म्हणून देवीचीही घ्यायला लावली.

मग सापळे. झाकणावर अन्नपूर्णाबाईंच्या लुगड्याचा दोरा ताणून बांधला. दुसऱ्या दिवशी दोरा तुटलेला, पण टाकीवर एक कावळा बसला होता, त्यामुळे दोरा कुणी तोडला याचा निकाल लागेना. मग टाकीभोवती रांगोळी पसरली. सकाळी तीवर पावलांचे ठसे उमटलेले! शालिग्राम खाली बसला, बोटानं मोजमाप घेतलं, त्या ठशांचा माग काढत निघाला आणि थेट स्वतःच्या घरात, स्वतःच्या जोड्यापाशी येऊन पोचला. रांगोळी नीट पसरली आहे का हे पाहायला तोच मागे वळून आला होता.

आणि दर मंगळवारी धुताना त्याला वाटायचं, चोराचे हात लागलेत या कोळशाला. कुठले हात, कसले हात! तो खड्ड्यात उतरायचा आणि मन शांत होईस्तोवर धुवायचा. पुढच्या वेळी पाहिलं, तर कोळसा आणखी खाली गेलेला.

गावात कोळसा लागतो कुणाला? सोनाराला, आणि इस्त्रीवाल्या जानरावाला. सोनार म्हातारा, त्याला टाकीची शिडी चढवणार नाही. शालिग्राम जानरावाच्या दुकानात जाऊन उभा राहिला आणि तापलेल्या इस्त्रीवर वाकून वास घेऊ लागला.

"काऊन बे शाल्या, इस्तरी पेतं काय?" जानराव म्हणाला. दोघं बरोबरीचे, एका शाळेतून एकाच इयत्तेत नापास झालेले.

"कोयसा कुठचा हाय हा?"

"बाभईचा. तुले काय वाटलं, सोन्याचा?"

"करवंटीचा तं नाही?"

"अबे, तुह्या टाकीतला कोयसा मले मायीत हाय. सारा दिवस पान्यात बुडलेला. तो पेटवाले मले दुसरा कोयसा लागन." जानरावानं इस्त्री उचलून शालिग्रामच्या बाहीवर फिरवली. "जाय. चुरगयलेला दिसून राह्यला तू. शर्ट आन् तू, दोघंबी."

शालिग्राम गेला, पण बाहीवर कोळशाची कणी चिकटली आहे का, हे त्यानं पुढच्या कोपऱ्यावर पाहून घेतलंच.

उलगडा झाला तो स्वयंपाकघरात. अन्नपूर्णाबाई बुधवारची वांगी धूत होत्या. देठाच्या पाकळ्यांत काळे कण अडकलेले. त्यांनी नखानं एक काढला, पाहिला आणि सहज म्हणाल्या, "हे तं तुमच्या धोतराच्या घड्यांत निघते, तेच हाय."

शालिग्रामनं तो कण तळहातावर घेतला. वास घेतला. चुरगळला. करवंटीचा कोळसा. त्याच्या डोळ्यांपुढे मोतीरामचा मिटलेला डोळा उभा राहिला. "बोलाचं काम नाही." हां! म्हणून बोलायचं काम नव्हतं होय? वांगी म्हणजे तोंड बंद ठेवायची किंमत!

तो तसाच मोतीरामच्या वावरात गेला. वांग्याचे वाफे काळे होते. आपली काळी माती काळी असतेच. पण हे काळं वेगळं, दाणेदार, पायाखाली करकरणारं. झाडं कमरेएवढी, पानं तळहाताहून मोठी. मोतीराम बाजारात गेला होता. त्याची बायको पुष्पाबाई झोपडीच्या सावलीत मिरच्या निवडत होती. व्याही आलेले पाहून ती लगबगीनं उठली, पदर सारखा केला आणि पाण्याचा तांब्या भरून आणला.

शालिग्रामनं तांब्याकडे पाहिलं. हात पुढे केला नाही. वाससुद्धा घेतला नाही.

"तहान नाही," म्हणाला आणि वळून चालू लागला.

भर दुपारी, वैऱ्यालासुद्धा पाणी विचारायच्या मुलखात, होणारा व्याही दारातून पाणी न घेता गेला. पुष्पाबाई तांब्या हातात धरून बराच वेळ उभी राहिली. वास घेऊन नाक मुरडलं असतं तरी तिला चाललं असतं. गावभर तो तेच करायचा. हे वेगळं होतं.

घरी येऊन शालिग्रामनं जाहीर केलं, "सोयरीक मोडली. चोराच्या घरात पोरगी देत नाही."

अन्नपूर्णाबाईंनी वांग्यांची टोपली खाली आपटली. "साक्षगंध तोंडावर आलं! लोकांले काय सांगू? कोयशासाठी मोडलं म्हनू?"

"माह्यी नोकरी जाईन! किल्ली माह्यापाशी. साहेब म्हननार, शालिग्रामनंच इकला."

रुख्मिणी दाराआडून बाहेर आली. तिचे डोळे लाल होते, पण आवाज बापासारखाच होता, चौकशी करणारा. "बाबा, कोयसा चोरला असता तं त्यांनी वांगे आपल्याच घरी काऊन धाडले असते? पुरावा कोनी टोपलीत घालून देते काय?"

हा प्रश्न शालिग्रामला आवडला नाही, कारण तो त्याला स्वतःला सुचायला हवा होता. "तुले नाही समजत," तो म्हणाला. आणि बुलढाण्याला ओव्हरसियर साहेबांना निरोप धाडला.

वामनराव आले ते पाणी न पिताच टाकीवर चढले. आत डोकावले. लाल रेघ वर, कोळसा खाली. त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "शालिग्राम, अर्धा थर गेलाय. पोलिसांत द्यावं लागेल. कुणावर संशय?"

या प्रश्नासाठी शालिग्राम जन्मला होता. साधारण वेळी त्यानं अर्ध्या गावाची नावं सांगितली असती. आज त्यानं एकच सांगितलं. मोतीरामला बोलावणं गेलं. तो आला, हसतमुख, डोक्याचा रुमाल सोडून घाम पुसत. टाकीवर साहेब आणि खाली तोंड फिरवून उभे असलेले व्याही पाहिले, आणि हसू मावळलं.

"तुमच्या वाफ्यात टाकीचा कोळसा आहे. खरं का?" वामनरावांनी विचारलं.

मोतीराम एकदा शालिग्रामकडे पाहत राहिला, एकदा साहेबांकडे. मग त्यानं हात जोडले. "हाव साहेब. खरं हाय. मीच नेला."

"टाकीला कुलूप होतं. कसा नेला?"

"नेला... कसातरी नेला."

"कसातरी म्हणजे? कुलूप तोडलं?"

"तोडलं असन," मोतीराम म्हणाला.

कुलूप साहेबांच्या हातातच होतं, धडधाकट. वामनरावांनी ते मोतीरामला दाखवलं. मोतीरामनं ते नीट न्याहाळलं आणि म्हणाला, "मंग परत जोडलं असन."

शालिग्रामला खरं तर आनंद व्हायला हवा होता. चोर पकडला होता, नोकरी वाचली होती. पण त्याचं ते जास्तीचं इंद्रिय आतून टोचू लागलं. इतकी वर्षं तो माणसांवर संशय घेत आला. न्हावी, लोहार, जानराव, खुद्द बायको. आजवर एकानंही कधी काही कबूल केलं नव्हतं. आणि हा माणूस पहिल्या झटक्यात कबूल होतो? कुलूप तोडून जोडतो? काहीतरी काळंबेरं होतं.

त्यानं मोतीरामचा दंड धरला आणि त्याला टाकीच्या मागे ओढलं. "तुमी एवढ्या लवकर काऊन कबूल झाले? खरं सांगा. कोनाले वाचवून राह्यले?"

मोतीराम आश्चर्यानं त्याच्याकडे पाहू लागला. मग कुजबुजला, "तुमालेच ना इवाई! तुमी एवढ्या मायेनं धाडला कोयसा. आता साहेबाले कळलं, तं माह्यावर घेतो. मले वावर हाय, पोट भरन. तुमाले तं नोकरीच हाय."

"मी? मी धाडला?"

"मंग? हरेक मंगयवारी नयातून येते ना माह्या बांधावर. पयले थोडा थोडा, मंग सोयरीक ठरल्यावर घमेलंघमेलं. मी पुष्पाले म्हनलं, पाय, इवाई कसा मोठ्या मनाचा. सरकारी मानूस, उघड देता येत नाही, तं पान्याबरोबर धाडून देते. आन् तोंडातून एक शब्द नाही. मंग मीबी नाही बोललो. देनाऱ्यानं बोलून नाही दाखवलं, तं घेनाऱ्यानं बोलू नये. म्हनून वांगे धाडत होतो ना!"

शालिग्रामच्या तोंडचं पाणी पळालं. मंगळवार. नळ. त्यानं खाली खड्ड्यातल्या चाकाकडे पाहिलं. आपण चाकाशी असतो तेव्हा मधे ही भिंत. वरून काय सांडतं ते दिसत नाही. दिसत नाही, आणि पाहायचं कधी सुचलं नाही. ते चाक दुसरं कुणी फिरवत असेल का, याचा त्यानं विचार केला. चोर, शेजारी, लोहार, कावळा. एकेक करून सगळे निघून गेले आणि शेवटी संशय घ्यायला एकच माणूस उरला. त्या माणसाला शालिग्राम चांगला ओळखत होता. आणि खरं सांगायचं तर तो त्याला कधीच फारसा भरवशाचा वाटला नव्हता.

गप्प राहिलं तर भागत होतं. मोतीराम कबूल झालाच होता. नोकरी शाबूत, नाव शाबूत. फक्त हा गोल माणूस पोलिसांच्या मागे चालत जाणार होता, त्याच्यासाठी, तोंडातून एक शब्द न काढता. आणि रुख्मिणीचं सासर त्याच्याबरोबर.

"साहेब!" शालिग्राम ओरडला. "चोर दुसराच हाय. काठावरून जरा इकडे सरका, दाखवतो."

तो खड्ड्यात उतरला, धोतराचा काचा मारला आणि चाक फिरवायला लागला. एक फेरा, दोन फेरे, आणि मग फिरवतच गेला. चाक अडेपर्यंत, नेहमीसारखं. टाकीच्या पोटात गडगडाट झाला. कोळसा दुधासारखा उतू आला, पन्हाळीवरून काळा फेस सांडला, त्यातला थोडा वामनरावांच्या पांढऱ्या पॅन्टवर, आणि बाकीचा नळातून धावत मोतीरामच्या वांग्यांकडे निघाला.

"बंद कर! बंद कर!" वामनराव एका पायावर नाचत ओरडले. चाक बंद झालं. "अरे, दोन फेरे सांगितले होते ना तुला? हा कोळसा हलका असतो! जोराचं पाणी लागलं की तरंगून जातो!"

"सांगतलं होतं साहेब."

"मग?"

शालिग्राम मान खाली घालून म्हणाला, "माहा भरवसा नव्हता तुमच्यावर. मले वाटलं, तुमी पंपाचं तेल वाचवून राह्यले. दोन फेऱ्यात काय धुतल्या जाते? मोरीबी धुतल्या जात नाही."

वामनरावांनी कपाळाला हात लावला. मग पॅन्टकडे पाहिलं, मोतीरामकडे पाहिलं, आणि त्यांना हसू फुटलं. हसता हसता ते टाकीच्या शिडीवर बसले. "वाफ्यातला तो कोळसा चाळून परत टाका," ते डोळे पुसत म्हणाले.

"नाही साहेब," शालिग्राम लगेच म्हणाला. "त्यावरून बकऱ्या गेल्या, शेन पडलं. तो मी गावाले पाजू? नवा मागवा. मले काढाचं तं काढा, पन हा कोयसा टाकीत जानार नाही."

साहेबांनी त्याला काढलं नाही. असा माणूस काढून त्याच्या जागी विश्वासू माणूस ठेवावा, तर गाव पाणी प्यायचं थांबलं असतं. पण त्यांनी एक अट घातली. यापुढे धुताना कुणीतरी पाहत राहील. कोण? शालिग्रामला विचारलं, तर त्याचा कुणावर भरवसा नव्हता. म्हणून साहेबांनीच ठरवलं: मोतीरामनं दर मंगळवारी नळाच्या तोंडाशी बांधावर बसायचं, आणि पाणी काळं आलं की हाक मारायची.

नव्या कोळशाची पोती खामगावहून आली. मंगळवारी वरून शालिग्रामचा आवाज यायचा, "इवाई, कसं हाय?" खालून मोतीराम ओरडायचा, "गढूय हाय!" "आन् आता?" "आता सफा!" कधीकधी मोतीराम गंमत म्हणून "काऽऽयं!", म्हणजे काळं आलं, असं ओरडायचा, आणि वर चाकावर धडपड ऐकू आली की बांधावर गडबडा लोळायचा. त्याची वांगी मात्र पुढच्या हंगामात पूर्वीसारखी झाली नाहीत. बुधवारी टोपली येतच राहिली, थोडी लहान.

मोतीराम विसरला होता, पण पुष्पाबाई विसरली नव्हती. दारातला तो तांब्या तिच्या हाताला अजून जड लागत होता. तिनं निरोप धाडला: साक्षगंध होईल, पण आधी व्याह्यांनी चार माणसांत आमच्या घरचं पाणी प्यावं.

साक्षगंधाच्या दिवशी सकाळपासून अन्नपूर्णाबाई नवऱ्याच्या मागे होत्या. "वास घेऊ नका. हात जोडते. तोंडाले लावा आन् पेऊन टाका." शालिग्राम मान हलवत होता. आता मान हलवण्याचं काय, ते घरात सर्वांना ठाऊक होतं.

मोतीरामच्या अंगणात सतरंजी अंथरलेली. दोन्हीकडची माणसं बसलेली, जानराव कडक इस्त्रीच्या सदऱ्यात पुढेच. इंद्रभान खाली मान घालून, रुख्मिणी आतल्या दारात. पुष्पाबाईनं घासून लखलखीत केलेला तांब्या भरून आणला आणि शालिग्रामपुढे धरला.

शालिग्रामनं तो दोन्ही हातांत घेतला. तांब्या वर गेला, ओठांकडे निघाला, वाटेत रेंगाळला आणि नाकाशी थांबला. डोळे मिटले. लांब श्वास.

अन्नपूर्णाबाईंनी पदर तोंडात कोंबला.

पुष्पाबाईचा चेहरा दगडासारखा झाला. "इवाई," ती म्हणाली, "आमच्या घरचा वास घेऊन राह्यले काय? विहिरीचं नाही ते. नयाचं हाय. तुमच्याच टाकीतलं."

शालिग्रामनं एक डोळा उघडला.

"हाव इहीनबाई," तो म्हणाला. "म्हनूनच तं वास घेऊन राह्यलो."

पहिल्यांदा जानराव हसला, मग मोतीराम, आणि मग ते हसू सतरंजीभर पसरत पसरत पुष्पाबाईपर्यंत पोचलं. तिनं ते पदरानं झाकायचा प्रयत्न केला, पण झाकलं गेलं नाही. शालिग्रामनं मान मागे टाकून तांब्या रिकामा केला, खाली ठेवला, मिशा पुसल्या आणि म्हणाला, "बरं हाय. आनखी एक द्या."